रुग्णसेवक गोन्सालो गार्सिया

वसईच्या किल्ल्यातील पडक्या भिंती आपणांपैकी काहींनी पाहिल्या असतील. सोळाव्या शतकात हा किल्ला माणसांनी गजबजलेला होता. तेथे पोर्तुगीजांचा अंमल होता. किल्ल्यात येशूसंघाचे धर्मगुरू मुलांना शिकवीत असत. गोन्सालो गार्सिया हा त्यांचाच एक विद्यार्थी. त्याचा जन्म १५५६ च्या सुमारास वसईत झाला. त्याचे वडील पोर्तुगीज होते आणि आई वसईचीच होती.

वयाच्या सुमारे सोळाव्या वर्षी गोन्सालो आपल्या गुरूंबरोबर जपानला गेला. तेथील भाषा त्याने उत्तम प्रकारे आत्मसात केली आणि सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षणाच्या कामी साहाय्य केले. गुरूंच्या संघात आपणांस प्रवेश मिळावा, अशी त्याची फार इच्छा होती. पण ती सफल झाली नाही. तेव्हा त्याने व्यापार आरंभिला. व्यापारात त्याला यश आले. तरी मनाला समाधान लाभेना. अखेर फिलिपीन्स बेटांतील मनिला शहरी तो फ्रान्सिस्कन पंथात सामील झाला. या पंथातील लोक निर्धनतेचे व्रत पाळीत. गोन्सालो तेथे धर्मगुरू झाला नाही. साधा सेवक-बंधू म्हणून राहिला.

१५९३ मध्ये फिलिपीन्सच्या स्पॅनिश गव्हर्नराचे राजदूत म्हणून पेद्रो बाप्तिस्ता हे धर्मगुरू जपानला गेले. त्यांचे दुभाषी होते गोन्सालो. त्या काळी जपानची सत्ता हिदेयोशी याच्या हाती होती. त्याच्या अनुमतीने या मंडळींनी मियाको, म्हणजे आजच्या क्योतो शहरी, मठ बांधला आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय उघडले.

कुष्ठरोगावर त्या वेळी औषध नव्हते. आप्तस्वकीयदेखील रोग्याला घराबाहेर घालवीत. अशा निराधारांना रुग्णालयात आसरा मिळाला. जखमा धुणे, पट्ट्या बांधणे, अन्न भरविणे ही तेथील नित्याची कामे होती. पण केवळ हात पुरे पडत नाहीत. कोठे दुखते, काय हवे, हे रोगी जपानी भाषेत सांगणार आणि बंधू तर स्पेनचे! अशा ठिकाणी गोन्सालोंची भाषा औषधाइतकीच मोलाची ठरली.

१५९६ मध्ये एक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले. त्यावरून उठलेल्या वादात हिदेयोशीचा परकीयांविषयीचा संशय बळावला. गोन्सालो व त्यांचे सहकारी पकडले गेले. कैद्यांमध्ये रुग्णालयातील जपानी सेवक होते, एक वैद्य होता आणि लुदोविको इबाराकी नावाचा अवघा बारा वर्षांचा मुलगाही होता. ऐन हिवाळ्यात त्यांना नागासाकीपर्यंत दूरचा प्रवास करावयास लावले. तेथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीस जणांना क्रुसावर देहदंड देण्यात आला.

१८६२ मध्ये गोन्सालोंना संतपद देण्यात आले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय होत. वसईतील एक महाविद्यालय आज त्यांचे नाव धारण करते. पुढे १८७३ मध्ये हान्सेन या शास्त्रज्ञाने कुष्ठरोगाचे जंतू शोधून काढले. आता औषधांनी हा रोग पूर्ण बरा होतो. गोन्सालोंजवळ ती औषधे नव्हती. ज्याला सर्वांनी दूर लोटले, त्याच्या जवळ बसून त्याचे दुःख ऐकून घेणे मात्र त्यांना साधले होते. ही सेवा करण्यास वैद्य असावेच लागते असे नाही.