विश्लेषण : गावातल्या शाळेतून पवनवीज! कोण होते पॉल ला कूर?

डेन्मार्क म्हटले की समुद्रात उभ्या असलेल्या अजस्र पवनचक्क्या आठवतात. पण या देशाला पवनविजेची गोडी लागली ती आस्कोव्ह नावाच्या खेड्यातल्या शाळेतून. त्या शाळेतले शिक्षक होते पॉल ला कूर.

शहर सोडून गावात

१८४६ साली जन्मलेले ला कूर मूळचे हवामानतज्ज्ञ. डेन्मार्कच्या हवामान संस्थेचे उपसंचालकपद त्यांनी सांभाळले. तारयंत्रातले शोधही त्यांच्या नावावर होते. तरीही १८७८ मध्ये ते राजधानी सोडून आस्कोव्हच्या लोकशाळेत शिकवायला गेले. इथे शेतकऱ्यांची तरुण मुले येत. परीक्षा नाही, पदवीही नाही.

वीज तेव्हा शहरांपुरती होती. त्या काळची डीसी वीज फार लांब नेता येत नसे, त्यामुळे विखुरलेली खेडी अंधारातच राहणार हे दिसत होते. देशात कोळसा नाही, वारा मात्र भरपूर.

सरकारी पैसा आणि फुटलेल्या काचा

१८९१ मध्ये सरकारी अनुदानातून शाळेजवळ प्रायोगिक पवनचक्की उभी राहिली. वारा कमी-जास्त झाला तरी डायनॅमो एकसारखा फिरावा, यासाठी ला कूर यांनी स्वतःचा नियंत्रक बनवला. वारा पडल्यावर काय? विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन टाकीत साठवायचा आणि त्यावर शाळेतले दिवे लावायचे. १८९५ पासून काही वर्षे ते खरोखर लागले. हायड्रोजनमध्ये ऑक्सिजन मिसळला की स्फोट होई आणि शाळेच्या काचा बदलाव्या लागत. आजच्या काळात पहिल्याच स्फोटानंतर प्रकल्प गुंडाळला गेला असता. इथे मात्र सरकारने हात आखडता घेतला नाही. १८९७ मध्ये त्याहून मोठी चक्की उभारली गेली. वीजनिर्मितीसाठी कमी पात्यांची, वेगाने फिरणारी चक्की सरस ठरते, हे ला कूर यांनी प्रयोगांतून दाखवले. पुढे हायड्रोजनची जागा बॅटरीने घेतली.

चक्की बिघडली तर?

गावकऱ्यांच्या दृष्टीने कळीचा प्रश्न हाच. शहरातून कारागीर येईपर्यंत गावाने अंधारात बसायचे का? १९०३ मध्ये ला कूर यांच्या पुढाकाराने पवनविजेच्या प्रसारासाठी संस्था स्थापन झाली. तिने छोट्या वीजकेंद्रांना सल्ला दिला, तर आस्कोव्हमध्ये गावाकडच्या तरुणांना वायरिंग आणि यंत्रांची देखभाल शिकवली गेली. चक्की गावची आणि ती सांभाळणाराही गावचाच!

ला कूर १९०८ मध्ये गेले. पहिल्या महायुद्धात इंधनाची टंचाई झाली आणि या चक्क्यांचा भाव वधारला. १९१८ पर्यंत सुमारे १२० ग्रामीण वीजकेंद्रे वाऱ्यावर चालत होती, बहुतेक चक्क्या २० ते ३५ किलोवॉटच्या.

आस्कोव्हमध्ये १९०४ साली शिकलेल्या योहानस यूल या विद्यार्थ्याने १९५७ मध्ये गेडसर येथे २०० किलोवॉटची तीन पात्यांची चक्की उभारली. ती सुमारे दहा वर्षे चालली.