नस नव्हे, टेंडन : बू अली सीना आणि हाताची शिवण

आपल्याकडे हाताला खोल जखम झाली की घरातले सगळे एकच म्हणतात, नस कापली. रक्तवाहिनी कापली तरी नस, संवेदना नेणारा तंतू तुटला तरी नस, आणि बोट वाकवणारी ती पांढरी मजबूत दोरी, म्हणजे टेंडन, तुटली तरी नसच. शाळेच्या पुस्तकात तिला स्नायुरज्जू म्हणतात, पण परीक्षा संपली की तो शब्द कुणाच्या तोंडी राहत नाही. हा घोळ फार जुना आहे. प्राचीन ग्रीक भाषेतही टेंडन आणि मज्जातंतू यांना एकच शब्द चालायचा. या घोळाशी ज्यांचे नाव जोडले जाते, ते शेख-उर-रईस बू अली सीना यांची ही ओळख.

त्यांचा जन्म इ.स. 980 चा, बुखाराजवळच्या अफशाना गावातला. वालिद बल्खचे, सामानी दरबारात अधिकारी. दहाव्या वर्षी कुरआन पाठ झाले. हिंदी पद्धतीचे गणित शिकायला वालिदनी त्यांना कुठे पाठवले असेल? एका भाजीवाल्याकडे! आम्ही शिक्षक लोकांनी हे जरूर लक्षात ठेवावे. ॲरिस्टॉटलचे एक पुस्तक त्यांनी चाळीस वेळा वाचले, तरी डोक्यात शिरेना. मग बाजारात तीन दिरहमला फाराबींची छोटी पुस्तिका मिळाली आणि गाठ सुटली. त्या आनंदात त्यांनी गरिबांना सदका वाटला. अठराव्या वर्षाच्या आतच बादशहा नूह बिन मन्सूर यांच्या आजारात त्यांना बोलावणे आले, आणि त्यातून शाही ग्रंथालयाचे दार उघडले.

पुढचे आयुष्य मात्र धावपळीचे. वालिद गेले, सामानी राज्य बुडाले. गुरगंज, जुरजान, रय, हमदान असा प्रवास होत राहिला. हमदानच्या शम्सुद्दौलाचा पोटशूळ बरा केला म्हणून वजीर झाले. सैन्य बिथरले, घर लुटले गेले, चाळीस दिवस लपून राहावे लागले. अमीराचे पोट पुन्हा दुखले, तेव्हा माफी मागून त्यांनाच परत बोलावले! दिवसा वजिरी, रात्री शागिर्दांचा सबक. पुढे चार महिने किल्ल्यात कैद, मग सूफी फकिराच्या वेशात इस्फहानकडे पलायन. ‘अल-कानून फित्तिब’ हा पाच भागांचा ग्रंथ जुरजानमध्ये सुरू होऊन हमदानमध्ये पुरा झाला.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. त्यांच्या आधी आठशे वर्षे जालीनूस, म्हणजे रोमचा गॅलन, वैद्यकात अखेरचा शब्द मानला जाई. टेंडनमध्ये मज्जातंतूचा अंश असतो, त्यात सुई घातली तर रुग्णाला झटके येतात, अशी शिकवण त्याच्या नावावर चालत आली. परिणाम असा की वरची कातडी जुळवायची, आतली दोरी तुटलेलीच राहायची. शस्त्रक्रियेचा इतिहास लिहिणारे, तुटलेले टेंडन शिवावे असे सांगण्याचे श्रेय बहुधा इब्ने सीनांना देतात. गंमत म्हणजे तेही जालीनूसचेच वाचक. टेंडनच्या रचनेबद्दल त्यांनी बरेच त्याच्याकडूनच घेतले. उस्तादाचा आदर ठेवून उस्तादाच्या पुढे जाता येते ते असे. अरबीत टेंडनला शब्द आहे वतर, म्हणजे धनुष्याची दोरी. आपल्या उर्दू शाळांतली मुले काटकोन त्रिकोणाच्या कर्णाला वतर म्हणतात, तो हाच.

त्यांच्या तत्त्वज्ञानातल्या काही मतांवर इमाम गजालींनी कडक टीका केली, हेही सांगायला हवे. पण हकीम म्हणून त्यांचा दर्जा मोठाच मानला गेला. 1037 मध्ये, रमजानच्या महिन्यात, त्याच पोटशूळाने ते हमदानला गेले. शेवटच्या दिवसांत त्यांनी गुलाम आजाद केले, माल गरिबांना वाटला. ‘कानून’ बाराव्या शतकात तोलेदो इथे लॅटिनमध्ये गेला आणि सतराव्या शतकापर्यंत युरोपात शिकवला जात होता. तरीही टेंडन शिवण्याची भीती तिथे लवकर गेली नाही.

शिवले तरी काम संपत नाही, हे पुढे कळले. बोटाच्या मुळापाशी दोन टेंडन एकाच अरुंद नळीतून जातात. तिथे शिवण भरताना आजूबाजूला चिकटते आणि बोट ताठ होते. विसाव्या शतकात अमेरिकन सर्जन स्टर्लिंग बनेल यांनी या भागाला दोन सैन्यांमधल्या बेवारस जमिनीची उपमा दिली होती. टेंडनला रक्तपुरवठा कमी, म्हणून भरायला वेळ लागतो. त्यावर आता पीआरपीचे, म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्माचे नाव ऐकू येते. डेंग्यूमुळे प्लेटलेट हा शब्द घराघरात पोहोचलाच आहे. रुग्णाचेच थोडे रक्त काढून यंत्रात वेगाने फिरवतात, प्लेटलेट दाटलेला भाग वेगळा करून शिवणीपाशी सोडतात. जखम भरायला लागणारे घटक त्यात असतात. प्राण्यांवरच्या काही प्रयोगांत आशा दिसली. माणसाच्या हातावरचा पुरावा अजून थोडा आणि उलटसुलट आहे. म्हणून हे इंजेक्शन घेतलेच पाहिजे असे कुणी म्हणाले तर खर्च आणि फायदा दोन्ही विचारून घ्यावे. आणि हो, पीआरपी ‘कानून’मध्ये लिहिलेले होते असा मेसेज व्हॉट्सॲपवर आला तर कृपया पुढे ढकलू नका. इब्ने सीनांना असल्या उधारीच्या मोठेपणाची गरज नाही.

यंत्रावर, सुरीने, काचेने हात कापला तर टाके घालण्याआधीच डॉक्टरांना प्रत्येक बोटाचा प्रत्येक सांधा वाकतो का, सरळ होतो का, हे बघायला सांगावे. टेंडन तुटले असेल तर थोड्याच दिवसांत हाताच्या सर्जनकडे पोहोचलेले बरे. महिने गेले की सुटलेले टोक मागे सरकते आणि साधी शिवण पुरत नाही. ऑपरेशननंतर पट्टी, मग फिजिओथेरपिस्ट सांगेल तशी हळूहळू हालचाल. साधारण सहा आठवडे हातावर भार नाही, जड कामाला तीन महिने. कमावता हात इतके दिवस घरी बसवणे सोपे नसते, पण बरीच शिवण याच काळात, घाईने वजन उचलल्यामुळे सुटते.