गाडगेबाबांचा हिशेब आणि आपला मांडव



सोयाबीनची रास झाली, माल लातूरच्या आडतीला गेला, पट्टी हातात आली. हरभऱ्याला, ज्वारीला पाणी चालू आहे. तुळशीचं लग्न उरकलं तसे गावोगावी मांडव पडायला लागले. कामानिमित्त चाकूर तालुक्यात हिंडताना या दिवसांत बांधावर खता-औषधाच्या गोष्टी कमी आणि पैशाच्याच जास्त निघतात. पट्टी आली कधी आणि गेली कधी हे कळलंच नाही, असं सांगणारा माणूस प्रत्येक गावात भेटतो. दुकानदाराची उधारी, मोबाइलचा हप्ता, भावकीतल्या लग्नाचा आहेर, पोराचा हट्ट. आणि पाडव्याच्या आत पुन्हा उचल मागायला आडत्याच्या दारात.

२० डिसेंबरला संत गाडगेबाबांची पुण्यतिथी. त्या दिवशी शाळेत, ग्रामपंचायतीत बाबांच्या फोटोला हार घालतात, चार जण हातात झाडू घेतात. ते चांगलंच आहे. पण बाबांनी आयुष्यभर जितका खराटा चालवला, तितकाच उधळपट्टीवर आणि कर्जावर आसूड ओढला, हे आपण विसरतो. आज त्यांचं चरित्र त्या बाजूनं बघू या. आपल्या कामाचं आहे ते.

बापाची दारू, मामाची पावती

बाबांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. जात परिटाची. घरात पोटापुरतं होतं, पण वडील झिंगराजी दारूच्या नादी लागले. देवकार्य आलं की दारू, पाहुणे आले की दारू, जातभाई जमले की दारू. चारचौघांत बसायचं तर घेतलीच पाहिजे, अशी रीतच होती. त्या रितीपायी घरदार गेलं, शेवटी झिंगराजीही गेले. डेबू तेव्हा लहान होता. आई सखूबाई त्याला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, भावाच्या आसऱ्याला आली.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. झिंगराजी एकटे बसून बुडाले नाहीत. चारचौघांच्या संगतीनं बुडाले. खर्चाची सवय बहुतेक वेळा अशीच लागते.

दापुऱ्याला डेबूनं आधी गुरं राखली, मग औत धरलं. नांगरट, पेरणी, मळणी, कुठल्याही कामात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता असं सांगतात. मामा चंद्रभान यांची शेती चांगली, पण डोक्यावर सावकाराचं देणं. दर साल माल निघाला की सावकाराला जायचा. मामा भोळे, अक्षरओळख नाही. दिलेल्या पैशाची पावती घ्यावी, खतावर काय लिहिलंय ते कुणाकडून वाचून घ्यावं, हे त्यांना सुचलं नाही. देणं फिटतंय असं त्यांना वाटायचं आणि वहीत ते वाढत होतं. एके दिवशी जमीनच सावकाराची झाल्याचं कळलं. मामांनी हाय खाल्ली आणि ते गेले. पुढं सावकाराची माणसं शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा तरणा डेबूजी औत सोडून त्यांना आडवा गेला, ही हकिकत वऱ्हाडात अजून सांगतात.

हे एकट्या दापुऱ्याचं दुखणं नव्हतं. बाबांच्या जन्माच्या आदल्याच वर्षी, १८७५ साली, पुणे आणि नगर जिल्ह्यांतले शेतकरी सावकारांवर उठले होते. सुप्याच्या बाजारात सुरुवात झाली आणि गावोगावी कर्जाची खतपत्रं जाळली गेली. त्यानंतर १८७९ साली इंग्रज सरकारला शेतकऱ्यांच्या कर्जासाठी वेगळा कायदा करावा लागला. कागद जळले, कायदा आला, तरी सण-लगीन आलं की शेतकरी पुन्हा सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसतच होता. डेबूजींनी लहानपणापासून हेच बघितलं. बापाला दारूनं नेलं, मामाला अडाणीपणानं नेलं, आणि दोन्ही वेळा घर मोडलं ते कर्जानं.

बारशाचं जेवण

डेबूजींचं लग्न १८९२ साली कुंताबाईंशी झालं. पहिली मुलगी झाली तेव्हा बारशाला जातीच्या रितीप्रमाणं मटण आणि दारू पाहिजे होती. डेबूजींनी गोडाचं जेवण घातलं. दारूचा थेंब नाही, बकरं नाही. भाऊबंद रागावले, टोचून बोलले. त्या काळात जातीच्या रितीबाहेर जाणं म्हणजे पंगतीतून उठवलं जाण्याची तयारी ठेवणं. डेबूजींनी ते सोसलं.

हा प्रसंग वाचताना मला माझीच लाज वाटते. माझ्या मुलाच्या बारशाला मी उसनवारी करून मांडव घातला, मंडपवाला आणला, गाव जेवू घातलं. पगारदार माणूस, लोक काय म्हणतील, ही एकच भीती. ते पैसे फेडायला दीड वर्ष लागलं. आज त्या जेवणात काय होतं ते जेवून गेलेल्या कुणाला आठवत नाही. मला मात्र फेडलेला प्रत्येक हप्ता आठवतो. दुसऱ्यांना शेतीचं अंदाजपत्रक शिकवणारा माणूस मी, तर इतरांची काय गत!

कीर्तनातला हिशेब

१ फेब्रुवारी १९०५ ला डेबूजींनी घर सोडलं. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात खराटा आणि एक फुटकं मडकं. त्या गाडग्यातच खायचं, प्यायचं, ऊन लागलं तर तेच डोक्यावर पालथं घालायचं. त्यावरून लोक गाडगेबाबा म्हणू लागले. गावात शिरलं की आधी रस्ते, गटारं झाडायची. कुणाची लाकडं फोडायची, कुणाचं अंगण साफ करायचं आणि मग भाकर मागायची. फुकटचं खायचं नाही हा नेम. पाया पडायला आलेल्याला मात्र ते जवळ येऊ देत नसत.

रात्री कीर्तन. ते इतर कीर्तनांसारखं नसे. बाबा सांगत कमी आणि विचारत जास्त. समोर बसलेल्या शेतकऱ्यालाच विचारायचे, तुझ्याकडं लग्नाला किती लागले, कुणाकडून काढले, व्याज किती, फिटले का. बापाच्या तेराव्याला गाव जेवू घातलं, ते बापाला पोचलं का. देवाला बकरं कापलं, मग देवानं काय दिलं. माणूस उत्तर द्यायचा, लोक हसायचे आणि हसता हसता ज्याचा त्याला हिशेब कळायचा. शेवटी सगळ्या गावाकडूनच ते वदवून घ्यायचे. कर्ज काढून सण करणार नाही, दारू पिणार नाही, पोराला शाळेत घालीन, असं हजार-दोन हजार माणसं एका आवाजात कबूल करायची.

बंधूंनो, बाबांची खरी युक्ती मला इथं दिसते. कुठल्याही शेतकऱ्याला खर्च कमी करावा हे सांगावं लागत नाही. त्याला ते कळतं. पण एकट्यानं केलं तर तो चिकट ठरतो, पोरीचं लगीन साधं केलं तर सोयऱ्यांत मान जातो. खर्च लोकलाजेपायी होतो, तेव्हा तो कमी करायचा तर लोकांनीच मिळून करावा लागतो. सगळ्या गावानं एकदम हात वर केला की कुणीच कुणाला हसायला उरत नाही. बारशाच्या वेळी डेबूजी एकटे होते, त्यांना टोमणे खावे लागले. म्हणूनच असेल, पुढं त्यांनी एकेका माणसाला उपदेश न करता गावंच्या गावं समोर बसवली.

हातात ताट नसेल तर भाकरी हातावर घेऊन खा, बायकोला लुगडं थोडं हलक्या भावाचं घ्या, पण पोराला शिकवल्याशिवाय राहू नका, असं ते पटवून द्यायचे. म्हणजे बाबांची काटकसर ही कंजुषी नव्हे. कुठं आवळायचं आणि कुठं सैल सोडायचं, याचा तो हिशेब होता.

लाखांचं काम, अंगावर चिंध्या

पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचं तीर्थ आहे. तिथं पौषात यात्रा भरते. नावाचा अर्थच कर्जातून सुटका. बाबांनी लोक गोळा करून, स्वतः माती वाहून तिथं घाट बांधायला घेतला. पुढं पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथं धर्मशाळा उभ्या राहिल्या. मुंबईत दवाखान्यात येणाऱ्या गरीब रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही सोय झाली. गरीब वारकऱ्याला तीर्थाच्या ठिकाणी राहण्या-खाण्यापायी नाडलं जाऊ नये, हा त्यामागचा विचार. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, गरिबांच्या पोरांचं वसतिगृह व्हावं म्हणून. कर्मवीर भाऊराव पाटलांवर त्यांचा फार जीव. रयत शिक्षण संस्थेनं १९५४ साली कराडला कॉलेज काढलं, ते बाबांच्याच नावानं.

त्या काळच्या लाखो रुपयांचं हे काम. स्वतः बाबा निरक्षर, पण मामाची न घेतलेली पावती त्यांच्या मनातून गेली नसावी. सार्वजनिक पैशाबाबत ते फार कडक. त्यातला एक पैसा घरच्यांकडं वळू दिला नाही. कुंताबाईंनी दिवस गरिबीतच काढले. मुलगा गोविंदा कुत्रं चावून गेला, ती बातमी बाबांना कीर्तन चालू असताना कळली. त्यांनी कीर्तन थांबवलं नाही. घरच्यांच्या वाट्याला काय आलं असेल, याचा विचार केला की आजही जीव कालवतो. एवढं टोक आपल्याला जमणार नाही आणि जमवूही नये. आपल्याला आपलं घर चालवायचंय, पण उसन्या पैशाच्या दिखाव्याशिवाय.

बाबासाहेब गेले ६ डिसेंबर १९५६ ला. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडं येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी बाबांनी प्राण सोडला. पुढं २००० साली राज्य सरकारनं त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान काढलं. त्यात लोकांनी वर्गणी आणि श्रमदानातून गावं चकचकीत केली. गाव एकत्र आलं की काय होतं हे आपण डोळ्यांनी बघितलंय. तेच खर्चाच्या बाबतीत का करू नये?

आपण काय करायचं

गावात पाच-दहा घरं एका विचाराची असली तरी बास. बाबांच्या पुण्यतिथीला मारुतीच्या पारावर बसा आणि चार गोष्टी ठरवा.

एक, आहेर बंद. लग्नात वाटलेली टोपी आणि टॉवेल कुणीच वापरत नाही. त्याच टोप्या या मांडवातून त्या मांडवात फिरतात. या घरांनी एकमेकांकडून आहेर घ्यायचा नाही आणि द्यायचा नाही, असं उघड जाहीर करा. मग रुसवा-फुगवा राहत नाही.

दोन, मोठी वस्तू घेण्याआधी आठ दिवस थांबायचं आणि सोबतच्या दोघांना विचारायचं. बाजारात, दुकानात किंवा मोबाइलवर बघून लगेच हप्ते बांधायचे नाहीत. आठ दिवसांनी अर्ध्या गोष्टी आपोआप नको वाटतात, हा माझा स्वतःचा अनुभव.

तीन, शेतातली काटकसर. सोयाबीनचं घरचं बियाणं चाळून, वाळवून नीट ठेवा. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघा. सत्तर किंवा जास्त उगवले तर एकरी साधारण ३० किलो बियाण्याचा खर्च वाचतो. शेजाऱ्याकडं चांगलं असेल तर त्याच्याकडून घ्या. पण बीजप्रक्रियेत कंजुषी नको. तिथं वाचवलेला रुपया दहा रुपये बुडवतो.

चार, बचत गट. बारा बायांनी महिन्याला शंभर रुपये टाकले तर वर्षाला १४,४०० रुपये होतात, व्याज वेगळंच. ठरल्या दिवशी बैठक, नियमित बचत, आपसात कर्ज, वेळेवर फेड आणि वही चोख, या पाच गोष्टी सांभाळल्या तर दवाखान्याला, वह्या-पुस्तकांना कुणाच्या दारात जावं लागत नाही. मात्र घरपोच कर्ज वाटणाऱ्या कंपन्यांसाठी नुसत्या सह्या करायला जमवलेलं टोळकं म्हणजे बचत गट नव्हे. दिलेल्या पैशाची पावती घ्या आणि सही करायच्या आधी कागद पोरीकडून वाचून घ्या. चंद्रभानमामांना वाचून दाखवणारं घरात कुणी नव्हतं. आपल्या घरात आहे.

आपल्या मराठवाड्यात कर्जापायी किती घरांची दारं बंद झाली ते मी सांगायला नको. पाऊस आपल्या हातात नाही, भावही नाही. मांडव किती मोठा घालायचा, एवढं तरी आपल्या हातात आहे. २० तारखेला फोटोला हार घालाल तेव्हा एक वहीही सोबत न्या. यंदाच्या पट्टीतले पैसे कुठं गेले ते सगळ्यांसमोर मांडा. हसतील लोक. बाबांच्या कीर्तनातही हसायचेच.