फादर स्टीफन्स व त्यांचे ख्रिस्तपुराण

फादर थॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्लंडचे. इ. स. १५७९ मध्ये ते गोव्यास आले. राज्य पोर्तुगीजांचे होते. तथापि लोकांस धर्मकथा त्यांच्याच वाणीत सांगावी, असा त्यांनी निश्चय केला. मराठी आत्मसात करून त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचिले. ते १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापून निघाले. १६१९ मध्ये फादर निवर्तले. पुढे १६८४ मध्ये सरकारने देशी भाषेवर बंदी घातली. जुन्या छापील प्रतीही नाहीशा झाल्या. परंतु भाविकांनी हस्तलिखिते प्राणपणाने जपली, आणि त्यांवरून १९०७ मध्ये मंगळुरास ग्रंथ पुनश्च छापला गेला. संकटकाळीही लोक ज्यास अंतर देत नाहीत, तेच वाङ्मय थोर होय. झरीच्या विद्यार्थ्यांनो, ज्यांच्या घरी वारली बोली नांदते, त्यांनी तिचा संकोच कधीही बाळगू नये.