धुऊनही न गेलेले विष

१३ ऑक्टोबर १९६५ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात पॉल हेर्मान म्युलर नावाचे रसायनशास्त्रज्ञ वारले. वय सहासष्ट. त्याच वर्षी भारतात हिवतापाच्या रुग्णांची नोंद लाखाच्या आसपास उतरली होती आणि सरकारी दप्तरात हिवतापाने झालेल्या मृत्यूंच्या रकान्यात शून्य होते. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा या देशात दर वर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि सुमारे आठ लाख माणसे त्यात दगावतात, असा अंदाज केला गेला होता. आठ लाखांवरून शून्य! बँकेत पस्तीस वर्षे ताळेबंद तपासले; असा ताळेबंद कधी पुढ्यात आला नाही.

या शून्यामागे एक पांढरी भुकटी होती. डीडीटी हे नाव आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. तिचा गुण ज्यांनी शोधला त्या म्युलरांना नोबेल पारितोषिक मिळाले, जगभर नाव झाले. पण नागपुरात दहा जणांना विचारा, एखाद्याला तरी ते आठवेल की नाही, शंका आहे.

म्युलरांचा जन्म १२ जानेवारी १८९९ चा, ओल्टेन गावचा. ओल्टेन म्हणजे रेल्वेचे जंक्शन, आपल्या वर्धा-बडनेऱ्यासारखे. वडील रेल्वेतच नोकरीला. पुढे कुटुंब बाझलला आले. पोरगा किडकिडीत आणि फिकट. शाळासोबती त्याला भूत म्हणत. अभ्यासात फार चमक नव्हती, मात्र घरात त्याने एक छोटीशी प्रयोगशाळा थाटली होती. १९१६ साली शाळा सोडून तो रसायनांच्या कारखान्यांत प्रयोगशाळेतला मदतनीस झाला. दोन वर्षांनी परत शाळेत गेला, परीक्षा दिली, विद्यापीठात शिरला आणि १९२५ साली डॉक्टरेट घेऊन बाहेर पडला. त्याच वर्षी गायगी या रंग बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली, ती शेवटपर्यंत टिकली. पुढची दहा वर्षे रंग आणि कातडी कमावण्याची द्रव्ये यांतच गेली.

१९३५ च्या सुमारास कंपनीने त्यांना कीटकांकडे वळवले. तेव्हा मिळणाऱ्या औषधांची अडचण अशी की सोमलाच्या जातीची विषे किड्याने खाल्ली तरच लागू पडत, आणि माणसालाही तितकीच घातक. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलापासून काढलेले पायरेथ्रम जालीम खरे, पण उन्हात काही तासांत निष्प्रभ होई. म्युलरांनी आपल्याला हव्या असलेल्या औषधाच्या अटी ठरवल्या. किड्याच्या अंगाला नुसते लागताच ते भिनले पाहिजे. पुष्कळ जातींच्या किड्यांवर चालले पाहिजे. माणसाला, जनावराला, झाडाला अपाय नको. वास नको. स्वस्त हवे. आणि एकदा मारले की दीर्घकाळ टिकले पाहिजे. ही शेवटची अट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढच्या कथेचे सगळे यश आणि अपयश तिच्यातच आहे.

चार वर्षे हा माणूस काचेच्या पिंजऱ्यात माश्या सोडत होता आणि एकामागून एक द्रव्ये फवारून पाहत होता. शेकडो द्रव्ये बाद झाली. सप्टेंबर १९३९ मध्ये, तिकडे पोलंडवर जर्मन रणगाडे चालून गेलेले असताना, त्यांनी एक संयुग तयार केले. ते काही नवे नव्हते. ओट्मार त्साइडलर नावाच्या विद्यार्थ्याने १८७४ सालीच ते बनवले होते आणि त्याची कृती छापली होती. ते किड्यांवर मारून पाहावे असे मात्र पासष्ट वर्षांत कोणाला सुचले नव्हते. म्युलरांनी ते मारले. सुरुवातीला काहीच घडले नाही. मग माश्या लडबडू लागल्या, उताण्या पडल्या, मेल्या. त्यांनी पिंजरा धुतला आणि नव्या माश्या सोडल्या. त्याही मेल्या. पिंजरा सुटा करून, घासून, पुष्कळ दिवस हवेवर ठेवला, तेव्हा कुठे त्यात माशी जगू लागली. म्युलरांना हवा होता तो टिकाऊपणा हाच.

पुढचा इतिहास वेगाने घडला. १९४२ मध्ये औषध बाजारात आले. १९४३-४४ च्या हिवाळ्यात नेपल्स शहरात उवांमुळे टायफस ज्वर पसरला, तेव्हा अमेरिकी सैन्याने लाखो माणसांच्या कपड्यांत ही भुकटी पिचकाऱ्यांनी मारली आणि साथ भर थंडीत आटोक्यात आणली. १९४८ साली वैद्यकाचे नोबेल म्युलरांना मिळाले. ज्याने कधी रोग्याची नाडी पाहिली नाही, अशा रंगाच्या कंपनीतल्या नोकरदाराला!

आपल्याकडे डॉ. डी. के. विश्वनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४६ च्या सुमारास तेव्हाच्या मुंबई प्रांतातल्या धारवाड व कानडा जिल्ह्यांत घरोघरी डीडीटी फवारून दाखवले. १९५३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, दिल्लीला सरकारी कारखाना निघाला. युक्ती साधी होती. रक्त पिऊन जड झालेली डासाची मादी जवळच्या भिंतीवर टेकते. त्या भिंतीवर चौरस मीटरला एक ग्रॅम डीडीटी असले की तिच्या पायांतून ते शरीरात जाते. वर्षातून दोन फवारण्या पुरत. म्युलरांची शेवटची अट अशी लाखो गावांच्या उपयोगी पडली.

माझ्या आजोळी, उमरेडच्या पलीकडे, हिवतापवाले यायचे तेव्हा घरातली भांडीकुंडी, धान्याच्या कोठ्या, गाद्या सगळे अंगणात निघायचे. देवघरात पिचकारी नेऊ देणार नाही, यावर आजी ठाम असायची. भिंतींवर पांढरे ओघळ उठत, दारावर तारीख लिहिली जाई. घरोघरी पोळ्याआधी बाया भिंती सारवत आणि डीडीटी शेणामातीखाली झाकले जाई. ढेकूण मात्र मरायचे, म्हणून लोक फवारणी करू देत. काही वर्षांनी ढेकूणही मरेनासे झाले, आणि आजी म्हणू लागली तसे इतर घरांतूनही नकार येऊ लागले.

ढेकणांच्याही आधी हे माश्यांनी दाखवून दिले होते. १९४६-४७ मध्येच स्वीडन आणि इटलीत डीडीटीला न जुमानणाऱ्या घरमाश्या सापडल्या. १९५१ मध्ये ग्रीसमधल्या हिवतापाच्या डासांत तेच दिसले. ग्रामीण भारतात हिवताप पसरवणारा मुख्य डास अ‍ॅनॉफिलिस क्युलिसिफेसिस. तो १९५९ साली पंचमहाल जिल्ह्यात डीडीटीला दाद देईनासा झाल्याची नोंद झाली. पंचमहाल तेव्हा मुंबई राज्यात होता, आणि नागपूरही.

डास औषधाला सरावतो असे आपण म्हणतो, ते बरोबर नाही. एकटा डास काही शिकत नाही. हजारांत दोन-चार डास जन्मतःच वेगळे असतात. कोणाच्या मज्जातंतूंतली डीडीटीने पकडायची जागाच जरा बदललेली असते, कोणाच्या शरीरात ते मोडून टाकणारी द्रव्ये जास्त असतात. फवारणीत बाकीचे मरतात, हे उरतात, आणि पुढची पिढी यांचीच. पावसाळ्यात डासाची पिढी दोन-तीन आठवड्यांत होते. ज्या भिंतीवर विष सहा-सहा महिने टिकते, ती भिंत सहा महिने अशी निवड करीत राहते. पिंजऱ्यातला तो टिकाऊपणा इथे उलटला.

त्यात आमच्या विदर्भात पऱ्हाटी. डीडीटी घरात फवारले त्याहून किती तरी सढळ हाताने जगभर शेतात फवारले गेले, आणि शेतातल्या डबक्यांत, पाटांत डासांच्या अळ्या वाढतच होत्या. ऐंशीच्या दशकात मी खेड्यातल्या शाखेत पीककर्जाचे अर्ज पाहायचो. दर वर्षी औषधाचा आकडा वाढलेला, आणि शेतकऱ्याचे म्हणणे ठरलेले, की मागच्या सालचे औषध आता लागत नाही. बोंडअळीत ही प्रतिकारशक्ती कशी येते, यावर नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत पुढे मोठे काम झाले. अळीचे आणि डासाचे गणित एकच.

१९६१ साली म्युलर निवृत्त झाले. बाझलजवळ ओबरविलच्या घरी त्यांनी पुन्हा प्रयोगशाळा मांडली. लहानपणी होती तशी, जरा मोठी. फळझाडे, डोंगरातली भटकंती, वनस्पतींचा नाद. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेत रेचेल कार्सन यांचे सायलेंट स्प्रिंग प्रसिद्ध झाले. डीडीटी माती, मासे, पक्षी असे चढत कसे साठत जाते आणि किडे त्याला कसे पुरून उरतात, हे तिने घरोघर पोचवले. म्युलरांना त्यासाठी खलनायक ठरवणारे पुष्कळ निघाले. मला ते पटत नाही. नेपल्सच्या गल्ल्यांत आणि आपल्या तराईत जी माणसे जगली त्यांचे काय? पण त्यांना नुसते देवमाणूस म्हणून हार घालणेही मला जमत नाही; पहिल्या दशकातच माशीने इशारा दिला होता, आणि औषध विकणारे व फवारणारे, दोघेही त्यापुढे वीस वर्षे त्याच जोमाने चालले.

१९७६ साली भारतात हिवतापाचे रुग्ण चौसष्ट लाखांवर गेले. त्याला पैशाची टंचाई, ढिसाळ देखरेख, वाढती शहरे अशी इतरही कारणे होती. डास हे त्यांतले एक. मग मॅलॅथिऑन आले, त्यालाही तोड निघाली. पायरेथ्रमची कारखानी भावंडे आली, मच्छरदाण्यांत मुरवली गेली, त्यांनाही काही भागांतले डास पुरून उरले. शेतीत डीडीटीवर आपल्याकडे १९८९ मध्ये बंदी आली. २००१ च्या स्टॉकहोम कराराने हिवतापासाठी मात्र वाट ठेवली.

एखाद्या गावातले डास कोणत्या औषधाला बधतात, हे ठरवण्याची चाचणी अजूनही जुन्याच पद्धतीची आहे. पहाटे गोठ्यांतून आणि घरांतून जिवंत माद्या पकडतात. ठरावीक मात्रेचे औषध मुरवलेला कागद नळीत गुंडाळतात आणि त्यात त्यांना तासभर ठेवतात. मग स्वच्छ नळीत सोडून साखरपाण्याचा बोळा देतात. चोवीस तासांनी कोणी तरी भिंग घेऊन बसतो आणि किती मेल्या, किती उडताहेत, ते मोजतो.