उंची राखून उडावे : संजय गांधी



देवास मार्गावरून जाताना दताना-मतानाच्या हवाई पट्टीकडे आपली मान आपोआप वळते. तुमच्यापैकी काहींना वैमानिकही व्हायचे आहे. म्हणून या अंकात आम्ही विमानाचे वेड असलेल्या एका प्रसिद्ध व्यक्तीचे चरित्र देत आहोत.

संजय गांधी यांचा जन्म १४ डिसेंबर १९४६ चा. इंदिराजी व फिरोज गांधी यांचे ते धाकटे चिरंजीव. डून स्कूलमध्ये शिकून त्यांनी इंग्लंडात रोल्स-रॉइसच्या कारखान्यात उमेदवारी केली, पण ती अर्धवट सोडून ते परतले. सामान्यांना परवडेल अशी मोटार काढण्यासाठी १९७१ मध्ये मारुती कंपनी निघाली. मात्र त्यांच्या हयातीत ती मोटार लोकांच्या हाती पडली नाही.

आणीबाणीत (१९७५-७७) सरकारात कोणतेही पद नसताना त्यांचा शब्द चालत असे. वृक्षारोपण, साक्षरता, हुंडाबंदी हे त्यांच्या कार्यक्रमातील चांगले विषय. पण कुटुंबनियोजनात घाई झाली, नसबंदीची सक्ती झाली आणि लोक दुखावले. १९७७ मध्ये अमेठीत ते हरले व १९८० मध्ये तेथूनच निवडून आले.

२३ जून १९८० रोजी सकाळी आठच्या सुमारास दिल्लीच्या सफदरजंग विमानतळावरून ते पिट्स जातीच्या छोट्या, दोन आसनी विमानातून उडाले. सोबत कॅप्टन सुभाष सक्सेना होते. हे विमान कसरतींसाठीच बनवलेले असते. पण कोलांटी घेऊन खाली आलेल्या विमानाला पुन्हा वर वळायला पुरेशी उंची लागते. वैमानिकाला चूक सुधारायला मिळणारा वेळ म्हणजेच ही उंची. दिल्लीच्या वस्तीवर, अगदी खालून कसरती करताना विमानावरचा ताबा सुटला आणि ते विलिंग्डन क्रेसेंटजवळ कोसळले. दोघेही जागीच गेले. संजय अवघे ३३ वर्षांचे होते.

पुढे १४ डिसेंबर १९८३ रोजी, त्यांच्या जन्मदिनीच, पहिल्या मारुतीची किल्ली ग्राहकाला मिळाली. ते पाहायला ते नव्हते.

मित्रहो, धाडस वाईट नाही. पण जमिनीला पंतप्रधानांचा मुलगा कोण, हे कळत नाही. शिवाय बेफिकिरीची किंमत शेजारी बसलेल्यालाही मोजावी लागते. फ्रीगंजच्या पुलावर मागे मित्राला बसवून गाडी पळवताना हे आठवा. पालकांनाही आमची विनंती आहे : परवाना मिळाल्याशिवाय मुलांच्या हाती किल्ली देऊ नये.