साने गुरुजी : पंढरपूरचे दहा दिवस

साने गुरुजींचे नाव निघाले की खानदेशात प्रथम अमळनेर आठवते. २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे जन्मलेले पांडुरंग सदाशिव साने १९२४ साली येथील प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि अवघ्या सहा वर्षांत साऱ्यांचे गुरुजी होऊन गेले. वसतिगृहातील मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत, कपडे धुवीत. वसतिगृहात वाढलेल्या आपणांस याचे मोल वेगळे सांगावयास नको. १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिले. हे सर्वश्रुत आहे.

मला अधिक मोलाचे वाटतात ते १९४७ च्या मे महिन्यातील दहा दिवस. २९ एप्रिल रोजी दिल्लीत संविधान सभेने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम स्वीकारले होते. मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा होऊ घातला होता. देश पुढे चालला आहे, हे गुरुजीही नाकारीत नव्हते. महाराष्ट्रभर दौरा करताना गावोगावची मंदिरे, विहिरी खुल्या होताना त्यांनी पाहिल्या होत्या. परंतु उघडलेल्या शंभर दारांनी पंढरीचे बंद दार झाकावे, हे त्यांना मान्य नव्हते. उलट ती शंभर उघडली, मग हेच का नाही, असा त्यांचा रोख असावा. १ मे रोजी तनपुरे महाराजांच्या मठात त्यांनी प्राणांतिक उपोषण आरंभिले. ते सोडण्याचा सल्ला देणाऱ्यांत खुद्द गांधीजी होते. गुरुजी ढळले नाहीत. मंदिर खुले करण्याचे मान्य झाले, तेव्हाच १० मे रोजी उपोषण सुटले.

आपण बौद्धांनी या घटनेकडे कसे पाहावे? १९३० साली सुरू झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह वर्षानुवर्षे चालला, दार उघडले नाही. १९३५ साली येवल्यास बाबासाहेबांनी हिंदू धर्म सोडण्याचा निर्धार जाहीर केला. देवळाच्या पायरीशी थांबणे तेथेच संपले होते. पंढरीचे दार त्यानंतर बारा वर्षांनी उघडले. ही प्रगती होती, असे मी मोकळ्या मनाने म्हणतो. ती आम्हांस मिळालेली देणगी होती, असे मात्र म्हणणार नाही. गुरुजींनीही तसे मानले नसावे. त्यांचे उपोषण सवर्णांच्या पापाचे प्रायश्चित्त होते.

पुढे १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. ११ जून १९५० रोजी ते गेले. अस्पृश्यता गुन्हा ठरविणारे संविधान लागू होऊन तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते.